इंदूर : २+२ ओहमचा सबवूफर आणि २ ओहमचा अ‍ॅम्प, जोडी जमते का?

रामबागवाला
मंडळी, जाणकारांचा सल्ला हवाय. गाडी जुनी स्विफ्ट. स्टिरिओ बाहेरून बसवलेला आहे आणि त्याला मागे सबवूफरसाठी वेगळी आरसीए पिन आहे. नुकताच बारा इंची सबवूफर घेतला. कागदावर लिहिलंय : आरएमएस (सतत सोसायचे) ३०० वॅट, पीक (क्षणभराचे) १२००, ड्युअल व्हॉइस कॉइल, २+२ ओहम. अ‍ॅम्प मोनोब्लॉक (एकाच चॅनलचा), क्लास डी. खोक्यावर ठळक २००० वॅट. आतल्या पत्रकात मात्र बारीक अक्षरात ४ ओहमला १८० वॅट आरएमएस आणि २ ओहमला ३००. १ ओहमचं नावच नाही.

बसवणाऱ्याने सांगितलं, "भिया, टेंशन मत लो, दोनों कॉइल एक साथ जोड़ दी, पूरी ताकत मिलेगी." राजवाड्यापर्यंत हळू आवाजात सगळं झकास. बायपासला लागून आवाज वाढवला की अ‍ॅम्पचा हिरवा दिवा लाल होतो, बास गायब, थोड्या वेळाने आपोआप परत. अ‍ॅम्पवर हात ठेववत नाही इतका तापतो. परत गेलो तर म्हणतो अ‍ॅम्प छोटा पडतोय, मोठा घ्या, हा आम्ही अर्ध्या भावात परत घेऊ.

खरंच छोटा पडतोय का? की दुसरीच काही भानगड आहे?

टेक्नोतात्या
दुकानदार बरोबर बोलतोय. कमी वॅटचा अ‍ॅम्प लावला की सब जळतो हे जगजाहीर आहे. सबच्या दुप्पट अ‍ॅम्प घ्यायचा, विषय संपला.

ओहमकार
तात्या, विषय आत्ता सुरू होतोय. 🙂

रामबागवाले, तुमचा अ‍ॅम्प छोटा नाही. त्याच्यावर त्याला न झेपणारा लोड टाकलाय. हिशोब बघा. दोन कॉइल, प्रत्येकीचा रोध २ ओहम. दोन्ही प्लस एकत्र आणि दोन्ही मायनस एकत्र, म्हणजे पॅरलल जोडल्या की अ‍ॅम्पला १ ओहम दिसतो. अ‍ॅम्प २ ओहमपर्यंतच टिकेल असं कंपनीनेच लिहून दिलंय. रोध निम्मा झाला की तेवढ्याच व्होल्टेजला करंट दुप्पट. हळू आवाजात तो निभावून नेतो, आवाज वाढवला की आतल्या मॉसफेटवर, म्हणजे शक्ती देणाऱ्या ट्रान्झिस्टरवर, ताण येतो आणि संरक्षणाचं सर्किट अ‍ॅम्पला गप्प बसवतं. लाल दिवा म्हणजे तेच. त्याचे आभार माना, तो नसता तर अ‍ॅम्प केव्हाच धूर सोडून मोकळा झाला असता.

आता २ ओहमच्या दोन कॉइल फक्त दोनच प्रकारे जोडता येतात. पॅरलल केल्या तर १ ओहम, सिरीज केल्या तर ४ ओहम. दोन्ही कॉइल वापरून मधला २ ओहम एका सबमधून निघत नाही. तुमच्या अ‍ॅम्पला नेमका तोच हवा होता. सब ४+४ ओहमचा घेतला असता तर पॅरललमध्ये २ ओहम आणि ३०० ला ३०० अशी बरोबर जोडी जमली असती. दुकानात सब आणि अ‍ॅम्प वेगवेगळ्या फळ्यांवर असतात, वॅट बघून उचलले जातात आणि ओहम कोणी विचारतच नाही.

आज संध्याकाळी काय करायचं ते सांगतो. कॉइल सिरीजमध्ये घ्या. अ‍ॅम्पचा प्लस पहिल्या कॉइलच्या प्लसला. पहिल्या कॉइलचा मायनस दुसऱ्या कॉइलच्या प्लसला. दुसऱ्याचा मायनस अ‍ॅम्पच्या मायनसला. ही मधली वायर उलटी लागली तर दोन्ही कॉइल एकमेकींविरुद्ध ओढतात आणि कोन (सबचा पुढचा हलणारा पडदा) जेमतेम हलतो, म्हणजे बास जवळजवळ शून्य. तसं झालं तर घाबरू नका, फक्त दुसऱ्या कॉइलच्या दोन वायरी अदलाबदल करा.

अ‍ॅम्पला जोडण्याआधी त्या दोन टोकांवर मल्टीमीटर लावा. ४ ओहम दिसणार नाही, साडेतीनच्या आसपास दिसेल. कॉइलचा डीसी रोध नावापुरत्या ओहमपेक्षा नेहमी थोडा कमी असतो. स्वस्त मीटरच्या वायरींचाच ०.२-०.३ असतो, दोन्ही पिना एकमेकींना टेकवून तो आधी बघून घ्या आणि वजा करा. आकडा एकच्या खाली आला तर अजून पॅरललच आहे.

रामबागवाला
ओहमकार काका, धन्यवाद! पण मग ३०० ऐवजी १८० वॅटच मिळणार ना? १२० वॅट फुकट गेले की.

ओहमकार
कानाला विचारलं तर फार काही गेलं नाही. वॅट दुप्पट केले की आवाज ३ डेसिबल वाढतो, आणि आवाज "दुप्पट मोठा" वाटायला साधारण दहापट वॅट लागतात. १८० ते ३०० हा फरक २.२ डेसिबलचा आहे. शेजारी शेजारी लावून ऐकलं तर कळेल. एबी रोडवर खिडकी खाली करून चालताना कळणार नाही.

तात्यांच्या मुद्द्याबद्दल : कमी वॅटने सब जळत नाही. जळत असता तर आवाज कमी केल्यावर प्रत्येक सब जळला असता. जळतो तो क्लिपिंगने. अ‍ॅम्पची मर्यादा संपली तरी आवाज वाढवत नेला की लाटेचे शेंडे कापले जातात आणि गोल लाट चौकोनी व्हायला लागते. तितक्याच उंचीची पूर्ण चौकोनी लाट गोल लाटेच्या दुप्पट शक्ती देते. म्हणजे १८० चा अ‍ॅम्प कुरतडेपर्यंत पिळला तर साडेतीनशेच्या जवळ जाऊ शकतो. ३०० च्या सबला ते सतत सोसणार नाही. लहान अ‍ॅम्प असला की माणूस गेन (स्टिरिओकडून आलेला सिग्नल किती वाढवायचा त्याची खुंटी) पिळतो, म्हणून लोकांना वाटतं छोट्या अ‍ॅम्पने जळला. कॉइलचं वार्निश तापल्याचा उग्र, जळक्या प्लास्टिकसारखा वास डिकीतून आला की समजा आवाज आत्ताच खाली करायची वेळ झाली.

टेक्नोतात्या
बरं, पटलं अर्धं. पण दुप्पट अ‍ॅम्प घेतला तर क्लिपिंगच होणार नाही, मग माझं म्हणणं चूक कसं?

ओहमकार
गेन आवरता आला तर चूक नाही. सबच्या आरएमएसपेक्षा थोडा वरचा अ‍ॅम्प मीही घेईन, तो आरामात चालतो. पण ज्याला गेनची खुंटी म्हणजे आवाजाची खुंटी वाटते त्याच्या हातात ६०० वॅट आणि ३०० चा सब दिला तर काय होईल ते तुम्हीच सांगा. शिवाय स्विफ्टच्या बॅटरी आणि ऑल्टरनेटरपुढे तो अ‍ॅम्प म्हणजे नाकापेक्षा मोती जड.

नर्मदातीर
खोक्यावरच्या २००० वॅटवर कोणीच बोलत नाहीये. तो आकडा कुठून येतो?

ओहमकार
छापखान्यातून.

गंमत सोडा, पण अ‍ॅम्प ओळखायची एक साधी रीत आहे. त्याच्या बाजूला लागलेले फ्यूज बघायचे. रामबागवाल्यांच्या अ‍ॅम्पला किती आहे?

रामबागवाला
एकच आहे, हिरवा, ३० लिहिलंय.

ओहमकार
३० अँपिअर गुणिले १३.८ व्होल्ट, म्हणजे आत जाणारे जास्तीत जास्त ४१४ वॅट. क्लास डी अ‍ॅम्प पूर्ण जोरात ७५ टक्क्यांच्या आसपास कार्यक्षम धरला तर बाहेर ३१० वॅट. पत्रकात लिहिलेल्या ३०० शी हे जुळतं, म्हणजे पत्रक प्रामाणिक आहे आणि खोकं बडा घर पोकळ वासा. जुन्या क्लास एबी अ‍ॅम्पला ५०-६० टक्केच धरायचे. हा अंदाजच आहे, छातीठोक माप नव्हे, पण ४० अँपिअरच्या फ्यूजवर २००० वॅट म्हणणाऱ्याला दुकानातच गप्प करायला पुरतो.

विश्वासाचा आकडा हवा असेल तर पत्रकात सीईए-२००६ किंवा नव्या नावाने सीटीए-२००६ (वॅट मोजायचं ठरलेलं मानक) लिहिलंय का ते शोधा. त्यात वॅट १४.४ व्होल्टवर, ४ ओहमला, १ टक्क्यापर्यंतच्या विकृतीत मोजलेले असतात. दोन कंपन्यांची तुलना करायला निदान पट्टी तरी एकच मिळते.

बडोदेकर_बास
बडोद्याहून राम राम. एक जुगाड सुचवू का? एकच कॉइल जोडायची, दुसरी मोकळी सोडायची. मग अ‍ॅम्पला बरोब्बर २ ओहम दिसेल आणि ३०० वॅट मिळतील. आमच्या दांडिया बाजारातल्या मित्राने असंच केलंय, गरब्याला गाडी दणाणते.

ओहमकार
दणाणेल, आणि मग एके दिवशी शांत होईल. ३०० वॅट हे दोन्ही कॉइल मिळून सोसतात. एकीच्या वाट्याला १५० येतात, तिच्यात ३०० ओतले की ती जाणारच. त्यात निम्मीच मोटर काम करते म्हणून कोनवरचा ताबा सुटतो, बास लोंबकळत येतो. मोकळ्या कॉइलची टोकं चुकून एकमेकांना चिकटली तर आणखी तिसराच प्रकार. मित्राला सांगा, गेन १५० च्या हिशोबाने खाली घे.

बडोदेकर_बास
सांगतो. बरं, मग असेच दोन सब असतील तर?

ओहमकार
हा प्रश्न भारी आहे. २+२ चे दोन सब, प्रत्येकाच्या कॉइल सिरीजमध्ये, म्हणजे ४ आणि ४. मग ते दोन सब एकमेकांना पॅरलल. झाले २ ओहम! रामबागवाल्यांचा अ‍ॅम्प आपले पूर्ण ३०० देईल आणि प्रत्येक सबला १५० मिळतील. एका सबला १८० देण्यापेक्षा हे जवळजवळ ५ डेसिबल वरचं काम आहे. २.२ डेसिबल वाढलेल्या वॅटमुळे, आणि हलणारा कोन दुप्पट झाला म्हणून साधारण ३ आणखी. अ‍ॅम्प तोच, वायरी त्याच.

रामबागवाला
काका, मोह घालू नका. डिकीत सध्या जे उरलंय त्यात आईची देवपूजेची पिशवी आणि एक स्टेपनी बसते. दुसरा सब आला तर ओंकारेश्वरला सामान मांडीवर घेऊन जावं लागेल.

सुतारपक्षी
डिकीचा विषय निघालाच आहे तर विचारतो, खोकं कसलं आहे? वॅटावर सगळे भांडतात आणि सब बसतो कशात ते कोणी बघत नाही. तीन डेसिबल अ‍ॅम्पमधून विकत घ्यायला हजारो रुपये, आणि खोक्याच्या फटीतून तेवढेच फुकट बाहेर.

रामबागवाला
दुकानदाराने तयार दिलं. कार्पेट लावलेलं, समोर एक गोल भोक, त्यात प्लास्टिकची नळी. ठोकलं की पोकळ आवाज येतो.

सुतारपक्षी
म्हणजे पोर्टेड. पत्रकात कंपनीने किती घनफूट सांगितलंय ते बघा. बारा इंचीला सीलबंद खोकं बहुधा एक घनफूट, म्हणजे २८ लिटरच्या आसपास सांगतात. पोर्टेड त्याच्या दीड-दोनपट, आणि नळीची लांबी-रुंदी ठरलेली. तयार खोकी "बारा इंची" म्हणून विकतात, कुठल्या बारा इंचीची ते देव जाणे.

यात अ‍ॅम्पचाही संबंध येतो, म्हणून लिहितोय. पोर्टेड खोकं ज्या फ्रिक्वेन्सीला ट्यून केलंय त्याच्या खाली कोनला आतल्या हवेचा आधार राहत नाही. ३५ हर्ट्‌झचं ट्यूनिंग आणि गाण्यात २५ हर्ट्‌झ आला की थोड्या वॅटमध्येसुद्धा कोन भसाभस बाहेर येतो, कॉइल मागे पत्र्यावर आपटते. टक्‌ टक्‌ असा कोरडा आवाज येतो. अ‍ॅम्पवर सबसॉनिक फिल्टर (अगदी खालचे सूर अडवणारा) असेल तर तो ट्यूनिंगच्या किंचित खाली लावा, आणि नसेल तर पोर्टेडच्या नादी लागू नका.

मला विचाराल तर सीलबंद करा. सियागंजातून १८ मिलिमीटरचा एमडीएफ, कोपऱ्यांना आतून पट्ट्या, सगळ्या जोडांना फेविकॉल आणि वरून सिलिकॉन. सब बसवल्यावर कोन हाताने हळूच दाबून सोडा, तो सावकाश परत आला पाहिजे. फटकन आला तर कुठेतरी हवा जाते. छोट्या बंद गाडीत खालचा बास आपोआप उचलला जातो, त्यामुळे हॅचबॅकमध्ये सीलबंद खोकं घरातल्यापेक्षा कितीतरी खोल वाजतं. वॅट थोडे जास्त मागतं हे खरं.

मालवाची_माई
मला ओहम-बिहम कळत नाही, पण वाचतेय आवडीने. आमच्या सुदामा नगरात रात्री साडेअकराला एक गाडी जाते तेव्हा कपाटातल्या बशा वाजतात. ती तुमच्यापैकी कोणाची असेल तर इथेच हात वर करा. रंगपंचमीच्या गेरीत (मिरवणुकीत) दणदणाट ठीक, तो एक दिवस. रोज कशाला?

ओहमकार
माई, ती माझी नाही, माझी नऊला झोपते. 🙂 पण मुद्दा रास्त आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत रात्र म्हणजे १० ते सकाळी ६, आणि निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल. खालचा बास भिंतीतून जातो, काचा बंद करून उपयोग नाही. वसाहतीत शिरताना स्टिरिओवरून सबची पातळी खाली घ्यायला एक बोट पुरतं.

नर्मदातीर
वायरिंगबद्दल बोला. माझ्या गाडीत बास पडला की हेडलाइट डोलतात. दुकानदार म्हणतो १ फॅरडचा कपॅसिटर लावा.

ओहमकार
कपॅसिटरचं गणित करू. १ फॅरड, १४ व्होल्टवरून १३ वर उतरताना साडेतेरा जूल देतो. ३०० वॅट वाजवणारा अ‍ॅम्प सेकंदाला ३८०-४०० जूल खातो. म्हणजे सेकंदाच्या पंचवीस-तिसाव्या भागाची सोय झाली. त्यानंतर तो कपॅसिटर स्वतःच ऑल्टरनेटरकडे हात पसरतो. त्याच्यावरचे व्होल्टचे निळे आकडे छान दिसतात, बस.

त्या पैशात वायर बदला. बाजारात "चार गेज किट" म्हणून जे मिळतं त्यात बऱ्याचदा जाड रबर आणि आत तांब्याचा मुलामा दिलेलं अ‍ॅल्युमिनियम असतं. ते तांब्याच्या साधारण दोन तृतीयांशच वीज वाहतं. टोक चाकूने खरवडा, आतून पांढरं निघालं तर ते. खरी चार गेज म्हणजे २१ चौरस मिलिमीटर, आठ गेज म्हणजे साडेआठच्या आत-बाहेर. ३०० वॅटला १० चौरस मिलिमीटरची शुद्ध तांब्याची लवचिक वायर चालते. पाच मीटर लांबी आणि २८ अँपिअरला पाव व्होल्ट पडतो, चालण्यासारखं आहे.

फ्यूज बॅटरीपासून दीड फुटाच्या आत. हा अ‍ॅम्पसाठी नसतो, वायर घासून बॉडीला लागली तर गाडी पेटू नये म्हणून असतो. हा नसेल तर बाकी काही करू नका, आधी तो लावा. अर्थची वायर छोटी, फूटभर, आणि पत्र्याचा रंग पार खरवडून चकचकीत लोखंडावर. नुसता सीटबेल्टच्या बोल्टखाली रंगावर दाबलेला अर्थ मी पाहिलाय, आणि त्याच्या मालकाने तीन अ‍ॅम्प बदललेले. बोल्ट सीटबेल्टचा असू नये हे वेगळंच.

इतकं करूनही लाइट डोलले तर बॅटरीचं वय बघा.

रामबागवाला
काका, सिरीज केलं! मीटरवर ३.७ आला. आता तापत नाहीये. लाल दिवा एकदाही लागला नाही. गेन किती ठेवू? दुकानदाराने सगळं टोकाला ठेवलं होतं, बास बूस्टसकट.

ओहमकार
बास बूस्ट शून्य करा आणि विसरून जा. स्टिरिओचे इक्वलायझर, लाउडनेस सगळं सपाट. लो पास फिल्टर (वरचे सूर अडवणारा) ८० हर्ट्‌झ.

सबच्या वायरी अ‍ॅम्पवरून काढा. ५० हर्ट्‌झचा शुद्ध सूर, ० डेसिबलचा (म्हणजे फाइलमधला पूर्ण जोराचा), मोबाइलवर न वाजवता पेनड्राइव्हवरून स्टिरिओत वाजवा. गेन पूर्ण खाली. स्टिरिओचा आवाज पाऊण भागापर्यंत वाढवा, तुम्ही कधीच त्याच्या वर जाणार नाही असं ठरवून. मीटर एसी व्होल्टवर ठेवून अ‍ॅम्पच्या स्पीकर टर्मिनलला लावा. आता गेन हळूहळू वाढवायचा. कुठे थांबायचं? वॅट गुणिले ओहम, त्याचं वर्गमूळ. १८० गुणिले ४ म्हणजे ७२०, वर्गमूळ २६.८. मीटर २६-२७ व्होल्ट दाखवेल तिथे थांबा, खुंटीवर पांढऱ्या रंगाने खूण करा.

५० हर्ट्‌झच का? आपल्या घरची वीज ५० हर्ट्‌झची, अडीचशे रुपयांचं मीटरही तेवढं नीट मोजायलाच बनलेलं असतं. ४० किंवा १०० ला ते काय सांगेल याची खात्री नाही.

टेक्नोतात्या
आणि ४+४ चा सब आला तर आकडा बदलेल का?

ओहमकार
बदलेल. ३०० गुणिले २, सहाशेचं वर्गमूळ, साडेचोवीस. वॅट जास्त पण व्होल्ट कमी, म्हणून जुनी खूण तशीच ठेवली तर अ‍ॅम्प क्लिप होईल. लोड बदलला की गेन परत लावायचा.

बडोदेकर_बास
माझ्याकडे जुना दोन चॅनलचा अ‍ॅम्प पडून आहे. ब्रिज केला (दोन्ही चॅनल मिळून एकच सब चालवला) तर रामबागवाल्यांच्या सबला चालेल का?

ओहमकार
चालेल, आणि उत्तम. ब्रिज केल्यावर प्रत्येक चॅनलला लोडचा निम्मा रोध दिसतो. सब सिरीजमध्ये ४ ओहम, प्रत्येक चॅनलला २. बहुतेक दोन चॅनलवाले ब्रिजमध्ये ४ ओहमच मागतात. २+२ चा सब खरं तर अशाच अ‍ॅम्पसाठी किंवा १ ओहमवाल्या मोनोब्लॉकसाठी असतो. पत्रकात "ब्रिज, ४ ओहम" पुढचा आकडा सांगा, मग बघू.

रामबागवाला
२६.५ वर थांबलो. काल मांडवला जाऊन आलो, अख्खा रस्ता वाजवत. अ‍ॅम्प कोमट. सब बदलत नाही, खोकं सुतारपक्षींच्या मापाने करून घेतो. एकच उरलंय, मागचं दार एका ठरावीक बासला खडखडतं.

सुतारपक्षी
नंबर प्लेटच्या मागे दोन बाजूंची फोमची टेप. मागच्या दाराच्या कडेला दोन रबरी टेकू असतात, ते फिरवून थोडे बाहेर काढा, दार घट्ट बसेल. आणि अ‍ॅम्प खोक्यावर स्क्रूने ठोकला असेल तर काढा, सीटच्या पाठीवर वेगळ्या फळीवर लावा, वर हवा खेळायला चार बोटं जागा ठेवून. मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत तो आधीच भाजलेला असतो.

रामबागवाला
खोक्यावरच ठोकलाय. रविवारी काढतो.